फुटलं, तुटलं की मोडलं?

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात घरात काय काय गेलं ते जरा आठवून बघा. कप फुटला असेल. कपडे वाळत घालायची दोरी तुटली असेल. छत्रीची काडी मोडली असेल, मुलाची चड्डी फाटली असेल, तुमच्या ब्लाउजची शिवण उसवली असेल. आता चड्डी आणि ब्लाउज बाजूला ठेवा आणि उरलेल्या तिन्हींचं इंग्रजीत भाषांतर करा. कप ब्रोक, दोरी ब्रोक, काडी ब्रोक. आपण तीन क्रियापदं खर्च केली, इंग्रजीनं एकातच भागवलं!

मी आमच्या गावातल्या एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. पाचवी ते सातवीचे वर्ग. मुलांना या 'ब्रेक'चं भारी आकर्षण, कारण पाठ करायला सोपा. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन म्हटलं की संपलं. पण उलट प्रवासात, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, पंचाईत होते. 'द ग्लास ब्रोक' याचं मराठी वर्गातली निम्मी मुलं 'काच तुटली' असं करतात. हिंदीत काचही तुटते, दोरीही तुटते आणि खुर्चीही तुटते. टीव्ही आणि मोबाइलवरची हिंदी ऐकून मुलांच्या तोंडी तेच बसलं आहे. त्यात इंग्रजी माध्यमाची भर. "आई, माझं खेळणं तुटलं" हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. आपल्या आज्यांनी त्याला लगेच विचारलं असतं, "तुटलं की मोडलं रे?"

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? वस्तू गेली ती गेलीच. पण बघा हं, फरक पडतो. फुटतं ते कडक असतं, बहुधा पोकळ असतं आणि एका फटक्यात जातं. मडकं, अंडं, फुगा, काच, धरण. तुटतं ते मुळात जोडलेलं किंवा ताणलेलं असतं. दोरा, तार, माळ, संबंध. मोडतं ते ताठ असतं, त्याला स्वतःचा आकार असतो आणि भार सोसेनासा झाला की ते जातं. काडी, खुर्ची, हाड. आपल्या शब्दातच वस्तू कशाची होती आणि कशी गेली हे दोन्ही येतं. आणि मला तर वाटतं, पुढं काय करायचं तेही येतं. उसवलेल्याला टाका घालायचा, फाटलेल्याला ठिगळ लावायचं, तुटलेली माळ पुन्हा ओवायची, मोडलेलं हाड सांधायचं. फुटलेल्याचं मात्र काही होत नाही, ते केरात जातं. 'ब्रोकन' म्हटल्यावर यातलं काहीच कळत नाही. इंग्रजांच्या बायकांना ते शेजारच्या शब्दावरून समजून घ्यावं लागतं.

स्वयंपाकघरात तर आपली चैनच आहे. शेंगा फोडतो, भाकरीचा तुकडा मोडतो, डाळ भरडतो, मोहरी तडतडली की फोडणी झाली म्हणतो. नारळ तोच, पण ओल्या खोबऱ्याच्या चटणीसाठी तो फोडायचा आणि देवापुढं वाढवायचा. बांगडी फुटली तरी जुन्या बायका 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात किंवा फार तर 'पिचली' म्हणतात. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर तेही 'वाढलं'. नवऱ्याच्या आयुष्याशी बांगडीच्या काचेचा संबंध मी काही मानत नाही. पण नको त्या शब्दाला बगल देऊन त्याच्या जागी वाढण्याचा शब्द आणून बसवायचा, ही युक्ती ज्या कुणा बाईला सुचली तिची मला गंमत वाटते.

आता व्याकरणातली एक गोष्ट सांगते. मुलांचा अभ्यास घेताना ती तुम्हांला उपयोगी पडेल. इंग्रजीत 'द कप ब्रोक' म्हणजे कप फुटला आणि 'आय ब्रोक द कप' म्हणजे मी कप फोडला. क्रियापद तेच, फक्त पुढं माणूस आला. मराठीत क्रियापदच बदलतं. फुटणं आणि फोडणं, तुटणं आणि तोडणं, फाटणं आणि फाडणं. आपोआप झालं की कुणी केलं, हे शब्दाच्या पोटातच असतं. चार्ल्स फिलमोर नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७० साली या 'ब्रेक'च्या व्याकरणावर एक लेख लिहिला, तो भाषेच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा की 'मारणं' आणि 'ब्रेक' या दोन क्रियापदांची जात वेगळी. मारल्यानं वस्तूचं काही बिघडेलच असं नाही. पण 'ब्रेक' म्हटलं की वस्तूची अवस्था बदललीच पाहिजे.

आपण याच्याही पुढं जातो. भांडी घासताना कप गेला तर मावशी काय म्हणतात? "वहिनी, कप फुटला." मी फोडला असं त्या कधीच म्हणणार नाहीत आणि त्यात लबाडी नाही. फोडला म्हटलं तर मुद्दाम आपटला असा वास येतो. मध्यममार्ग म्हणून आपल्याकडं तिसरी सोय आहे, "माझ्याकडून फुटला." हात माझाच, इच्छा नव्हती. इंग्रजीत मूल सरळ 'आय ब्रोक द कप' म्हणतं आणि त्यात काही विशेष कबुली नसते. म्हणून इंग्रजी माध्यमातलं मूल घरी येऊन "मी कप तोडला" असं शांतपणे सांगतं, तेव्हा त्याच्यावर डोळे वटारू नका. त्यानं इंग्रजीतून उचलून मराठीत ठेवलंय. शब्द सुधारा, पाठ बडवू नका.

या सगळ्यात 'मोडणं' हे क्रियापद मोठं चमत्कारिक आहे. खुर्ची मोडली आणि मी खुर्ची मोडली, दोन्हीकडं तेच रूप. याबाबतीत ते थेट 'ब्रेक'सारखं. अर्थही पुष्कळ जुळतात. शंभराची नोट मोडायची, इंग्रजीतही ती 'ब्रेक'च करतात. बँकेतली मुदतठेव मोडायची, तीही 'ब्रेक'. सवय मोडणं, विक्रम मोडणं, कायदा मोडणं, झोप मोडणं, सगळीकडं दोघांचं पटतं. मोडकंतोडकं इंग्रजी म्हणजे 'ब्रोकन इंग्लिश'. हा शब्दप्रयोग जुळला की माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना फार बरं वाटतं, मग त्या आपलं मोडकंतोडकं न लाजता बोलतात.

पण सोन्याचं काय? आईच्या बिलवरांना आपण सोनाराकडं नेतो आणि मोडून त्यांच्या पाटल्या करतो. तिथं मोडणं म्हणजे नव्याची सुरुवात. मटकीला येतात तेही मोडच! हे दोन मोड एकाच मुळाचे की काय, या भानगडीत मी पडत नाही. पण कानाला ते एकच लागतात. फुटण्याचंही तसंच. पालवी फुटते, पान्हा फुटतो, मुक्याला वाचा फुटते, पहाटे तांबडं फुटतं. इंग्रजीत त्या शेवटच्या एकासाठी 'डे-ब्रेक' आहे, बाकीच्या ठिकाणी त्यांना दुसरे शब्द शोधावे लागतात.

दोन ठिकाणी मात्र मुलं हमखास फसतात, ती लक्षात ठेवा.

एक उपासाचं. 'ब्रेकफास्ट' हा शब्द 'ब्रेक' आणि 'फास्ट' म्हणजे उपास, असा मिळून झाला. रात्रभराचा उपास सकाळी संपवायचा, ती न्याहारी. पण आपल्याकडं उपास सोडणं आणि उपास मोडणं यांत केवढं अंतर आहे! वेळ झाल्यावर, नैवेद्य दाखवून सोडला तो सोडला. मधेच चुकून शेव तोंडात टाकली तो मोडला. इंग्रजीत दोन्ही 'ब्रेक'च. तेव्हा महात्मा गांधींनी 'ब्रोक हिज फास्ट' असं इतिहासाच्या पुस्तकात आलं तर ते 'उपोषण सोडलं' असं लिहायचं. 'मोडलं' लिहिलंत तर बापूंवर अन्याय होईल.

दुसरं शब्दाचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'ही ब्रोक हिज वर्ड' म्हणजे त्यानं स्वतः दिलेला शब्द पाळला नाही. आपण 'शब्द मोडणं' म्हणतो तेव्हा तो शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. वडिलांचा शब्द मोडला नाही, सासूबाईंचा शब्द कधी मोडला नाही. स्वतःचा शब्द आपण फिरवतो, वचन मोडतो. पण नुसतं 'शब्द मोडला' म्हटलं की मोठ्यांची अवज्ञा, हाच अर्थ आधी मनात येतो. मी सातवीच्या वर्गात 'शब्द मोडणं' वाक्यात वापरा म्हटलं, तर बहुतेक मुलींनी आईवडिलांवरच वाक्यं केली. मग फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहून विचारलं, "इथं शब्द कुणाचा?" बराच वेळ कुणी बोलेना. मुलगीही शब्द देते आणि दिलेला शब्द तिचा असतो, हे इंग्रजीच्या तासाला शिकवायला मला आवडतं.

'ब्रेक'ला शेपट्या किती! इंग्रजीची खरी गंमत आणि खरा ताप इथंच आहे. पुढं 'इन' लागलं की घरात चोर शिरला, 'आउट' लागलं की साथ पसरली किंवा अंगावर पुरळ उठलं, 'ऑफ' लागलं की सोयरीक मोडली, 'ईव्हन' लागलं की ना नफा ना तोटा. पापड-मसाल्याचा घरगुती धंदा करणाऱ्यांनी हा शेवटचा शिकून ठेवावा. 'ब्रेक द न्यूज' म्हणजे वाईट बातमी हळूच कानावर घालणं. एका मुलीनं त्याचं 'आईनं बातमी फोडली' असं केलं होतं! आपल्याकडं फुटते ती बातमी म्हणजे गुपित बाहेर पडलं, जसा परीक्षेचा पेपर फुटतो. दवाखान्यात नर्स 'वॉटर ब्रेक झालं का?' असं विचारते, ते पाणमोट फुटली का, असं. लेकीसुनेला दिवस भरत आले असतील तर हे दोन्ही शब्द घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, पुरुषांनासुद्धा. कळा नसल्या तरी पाणी गेल्याबरोबर दवाखान्यात कळवायचं असतं. कळा सुरू होण्याची वाट बघत बसायचं नसतं.

आता 'डाऊन'. गाडी ब्रेकडाऊन झाली हे तर आपल्या एस.टी.नं घराघरांत पोचवलं. पण हाच शब्द लग्नालाही लागतो. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यात वेगळं व्हायचं तर कारण द्यावं लागतं, छळ, सोडून जाणं वगैरे, म्हणजे एकानं दुसऱ्याचा दोष सिद्ध करायचा. १९७६ साली दोघांच्या संमतीचा मार्ग त्यात आला. १९७८ साली विधी आयोगानं आपल्या ७१व्या अहवालात सुचवलं की, लग्न पुन्हा उभं राहू शकणार नाही इतकं कोसळलं असेल तर तेवढंच कारण पुरावं. या अवस्थेला कायद्याच्या इंग्रजीत 'इरिट्रीव्हेबल ब्रेकडाऊन' म्हणतात. कायद्यात ते कारण म्हणून अजून आलेलं नाही. मात्र १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ठरवलं की, राज्यघटनेच्या १४२व्या अनुच्छेदातल्या अधिकारात ते न्यायालय अशा कारणानं विवाह संपवू शकतं. हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचाच. आपल्या जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयात या एका कारणावर अर्ज चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयातही तो हक्क म्हणून मागता येत नाही. सगळी परिस्थिती बघून न्यायालयाला योग्य वाटलं तरच.

मला त्यातला शब्द महत्त्वाचा वाटला. ब्रेकडाऊन झालेल्या गाडीला कुणी 'तू का बंद पडलीस' म्हणून दगड मारत नाही. आपले शब्द बघा. काडीमोड, म्हणजे पंचांपुढं काडी मोडून द्यायची. घटस्फोट, म्हणजे मडकं फोडायचं. जातीतून माणूस तोडताना त्याच्या नावानं घडा फोडण्याचा विधी असे, त्याचं हे नाव. जे वेगळे होतात ते नाहीसे झाले असं समजायचं, हा त्यातला भाव. आणि 'तिचं लग्न मोडलं' हे वाक्य तर ऐकायला अगदी साधं! मघाशी म्हटलं ना, 'मोडलं' या रूपात कुणी मोडलं ते कळत नाही. मग लोक ते शोधू लागतात आणि वाक्यात नाव एकटीचंच असतं, 'तिचं'. हुंड्यावरून मुलाकडच्यांनी मोडलं असलं तरी बोलताना 'तिचं मोडलं'. त्याचं मोडलं असं म्हणताना तुम्ही कितीदा ऐकलंय?

घर फोडण्याचीही तीच कथा. चोर करतो ती घरफोडी. कायद्याच्या इंग्रजीत ते 'हाऊस-ब्रेकिंग' आणि त्यात काही फुटलेलंच असावं लागतं असंही नाही. चोरीच्या उद्देशानं कुलूप उघडून आत शिरला तरी ती घरफोडी. पण चारचौघांत 'घर फोडलं' म्हटलं की चोर कुणाच्या मनात येत नाही, सून येते. दोन भावांनी बसून, कागद करून वाटण्या केल्या तरी घर फोडलं सुनेनं. आपण बायकाच हे वाक्य बोलतो म्हणून लिहिते. घर वेगळं झालं असं म्हटलं तर भाषेचं काही बिघडणार नाही.

आणि इंग्रजीतून आलेलं 'ब्रोकन फॅमिली' तर मला मुळीच सोसत नाही. शाळांमध्ये हा शब्द हल्ली फार शिकल्यासारखा वापरतात. शिक्षकांच्या खोलीत एकदा एका मुलीविषयी कुणीतरी हळूच सांगितलं, "ती ब्रोकन फॅमिलीतली आहे." ती मुलगी आई आणि आजीजवळ राहते. गृहपाठ रोज पूर्ण, डबा आजीनं केलेला, वेणीला रिबीन ताठ. आई बँकेतून सुटली की तिला घ्यायला येते आणि दोघी फाटकातूनच काहीतरी हसत निघतात. मी त्या बाईंना विचारलं, "यात मोडलंय कुठं?" त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, शब्द आहे तो." शब्द आहे म्हणूनच तर विचारलं. आईवडील वेगळे राहतात, एवढं सांगायला मराठीत चार शब्द लागतात. चार शब्द बोलायला काय हरकत आहे?

एवढं वाचून मी 'ब्रेक'च्या विरुद्ध आहे असं समजू नका हं. 'ब्रेकअप' हा शब्द आजच्या मुलींना उपयोगी पडतो. जमत नव्हतं, थांबलो, एवढंच त्यात येतं. त्यात मडकंही फुटत नाही आणि काडीही मोडत नाही. 'ब्रेक घेते' हेही चांगलं. गृहिणीच्या विश्रांतीला मराठीत शब्दच नव्हता. सुट्टी नवऱ्याला आणि मुलांना, तेव्हा तर आपलं काम दुप्पट. "चार वाजता माझा टी-ब्रेक" असं सांगून मी अर्धा तास दार लोटून बसते. चहा घ्यायला बसते म्हटलं असतं तर कुणीतरी "मलाही टाक अर्धा कप" म्हणालंच असतं! एक मात्र मुलांना सांगून ठेवा, गाडीचा ब्रेक वेगळा. मराठीत लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, इंग्रजीत स्पेलिंग निराळं. एकाचा शेवट 'ई-ए-के', दुसऱ्याचा 'ए-के-ई'. गाडी थांबवतो तो दुसरा.

पण हा आरामाचा वाटणारा ब्रेक कधी कधी आपल्याला फसवतो. बाळंतपणासाठी, सासऱ्यांच्या आजारपणासाठी नोकरी सोडलेली बाई पुन्हा मुलाखतीला गेली की तिच्या कागदावर 'करिअर ब्रेक' लिहितात, जणू ती महाबळेश्वरला जाऊन आली. आणि आमच्यासारख्यांच्या नेमणुकीत जो येतो तो 'टेक्निकल ब्रेक'. माझी नेमणूक दर वर्षी एप्रिलअखेर संपते, जूनमध्ये शाळा उघडली की नवं पत्र मिळतं. मधल्या दिवसांचा पगार नाही आणि सेवेत खंड पडला असं नोंदलं जातं. पावसानं दडी मारली की शेतकरी म्हणतो तो खंड, तोच हा शब्द. कार्यालयात मात्र कुणी खंड म्हणत नाही. "बाई, ब्रेक आहे तुमचा," असं हसून सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे बाईंची!

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढं हरियाणातल्या तात्पुरत्या शिक्षकांचं असंच प्रकरण आलं होतं. शाळा सुरू होताना नेमायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कमी करायचं, ही पद्धत मनमानीची असल्याचं न्यायालयानं म्हटलं. त्या शिक्षकांना सुट्टीतला पगार द्यावा आणि इतरांप्रमाणे रजा, बाळंतपणाची रजासुद्धा, मिळावी असा आदेश दिला. तो निकाल त्या राज्यातल्या त्या शिक्षकांपुरता होता. त्यावरून आपल्याकडच्या प्रत्येकीला आपोआप काही मिळेल असं नाही, कारण प्रत्येक नेमणुकीच्या अटी निराळ्या. पण तुमच्यापैकी जी कुणी बालवाडीत, दवाखान्यात, पतपेढीत अशा तुकड्यातुकड्यांनी काम करत असेल, तिनं आपली नेमणुकीची आणि कमी केल्याची पत्रं तारखांच्या क्रमानं लावून ठेवावीत. हजेरीपटाची नक्कल मिळाली तर तीही. नुसतं "सात-आठ वर्षं करतेय" असं तोंडी सांगून कुणी मानत नाही. माझी सहा पत्रं आहेत, निळ्या फाइलमध्ये, रेशनकार्डाच्या खाली. प्रत्येक दोन पत्रांच्या मधली दिवसांची मोजणी मी पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवली आहे.